पेट्रोल-डिझेल सोडून इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? पुणेकरांचे वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवले आहेत. फक्त चारचाकीबद्दल आहेत. हिशेबासाठी पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं आहे. तुम्ही वाचाल तेव्हा भाव वेगळा असेल तर त्रैराशिक तेच, आकडा बदला. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझी पेट्रोल गाडी उत्तम चाललीय. ती विकून इलेक्ट्रिक घेतली तर पैसे वाचतील का?

बहुतेकांचे नाही वाचणार. नवी गाडी घ्यायचीच आहे आणि कोणती घेऊ, हा प्रश्न वेगळा. चालती गाडी काढून नवी घेऊ का, हा वेगळा. दोन्हींचा हिशेब करून बघा.

पुण्याच्या गर्दीत मध्यम आकाराची पेट्रोल गाडी लिटरला १२-१३ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये. तेवढ्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी मीटरवरच्या एका युनिटमध्ये, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण ६ किलोमीटर जाते. युनिट अठरा रुपयांना पडलं (ते कसं, ते प्र. ३ मध्ये) तरी किलोमीटरला तीन रुपये. थोडक्यात, किलोमीटरमागे पाच रुपये सुटतात.

कोथरूडहून हिंजवडीला रोज ये-जा करणाऱ्याचे महिन्याला हजारेक किलोमीटर होतात. त्याचे वर्षाला ६० हजार वाचतात. नवीच गाडी घ्यायची आहे आणि इलेक्ट्रिक तीन लाखांनी महाग पडते आहे, तर पाच वर्षांत फरक वसूल. त्यानंतरचं निव्वळ खिशात. पण हाच माणूस चार लाखांना विकली जाणारी धडधाकट गाडी काढून पंधरा लाखांची इलेक्ट्रिक घेत असेल, तर वरच्या ११ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी ठेवीचं व्याजच वर्षाला ७१ हजार होतं. वाचले साठ, बुडाले एकाहत्तर!

आणि ज्यांची गाडी रविवारी मंडई, अधूनमधून लग्नकार्य एवढ्यापुरतीच निघते, महिन्याला तीनशे किलोमीटर, त्यांनी आहे ती गाडी मोडेपर्यंत वापरावी. त्यांना तीन लाखांचा फरक भरून निघायला सोळा-सतरा वर्षं लागतील.

२. किमतीत नक्की फरक किती? शोरूमवाले दरवेळी वेगळं सांगतात.

शोरूमची किंमत बाजूला ठेवा, दोन्हींची ऑन-रोड (कर, नोंदणी, विमा धरून) किंमत मागा. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल-डिझेल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, मोठ्यांना ४० टक्के. त्यामुळे लहान गाड्यांत इलेक्ट्रिकची आघाडी पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून हिशेब मांडला असेल तर तो पुन्हा मांडा.

आरटीओच्या करात मात्र फरक ठळक आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के कर लागतो. २०२५ च्या राज्य धोरणात इलेक्ट्रिकला तो माफ आहे. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात होता, तो मागे घेतला गेला. विम्यात थर्ड पार्टीच्या हप्त्याला १५ टक्के सूट आहे.

कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर वजावट मिळते, असं अजूनही कुणी सांगत असेल तर सोडून द्या. ती वजावट (आयकर कायद्याचं कलम ८०-ईईबी) ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

३. घरी चार्ज केल्यावर वीजबिल किती वाढेल?

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करतात, नऊ-दहा रुपये येतात आणि खूश होतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. गाडीची युनिटं घरच्या वापरावर चढतात, म्हणजे नेहमी वरच्या टप्प्यात जातात. घरात आधीच २०० युनिट जळत असतील आणि गाडीची १७० आली, तर पहिली शंभर मधल्या दराने आणि उरलेली सत्तर त्यावरच्या दराने. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून मधल्या टप्प्यात युनिट बारा-तेरा रुपयांना आणि तीनशेच्या पुढे सतरा-अठरा रुपयांना पडतं, असं समजून चाला. नेमका दर तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या.

यावर उपाय दोन. चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलं तर त्या वर्गवारीला टप्पे नसतात. स्वतःचं छत असेल तर सौर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ३ किलोवॉटचा संच महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिट देतो. जुलै-ऑगस्टमध्ये कमी, एप्रिलमध्ये जास्त. नेट मीटरिंग (दिवसाची जादा वीज बिलातून वळती होते) असल्याने गाडी रात्री लावली तरी चालते.

स्मार्ट मीटरवाल्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर थोडी सवलत आहे. नेमकी त्या वेळात बहुतेकांची गाडी ऑफिसात असते, ते सोडा. निवृत्त मंडळींना फायदा आहे.

४. सोसायटी परवानगी देत नाही. काय करू?

आधी त्यांची भीती कोणती आहे ते समजून घ्या. समितीत ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी नाही त्यांनाच जास्त प्रश्न पडतात, पण सगळेच निरर्थक नसतात.

पहिली शंका: ‘सोसायटीची वीज तू वापरणार.’ उत्तर सोपं आहे. मीटर रूममधल्या तुमच्या स्वतःच्या मीटरवरून वेगळी केबल तुमच्या पार्किंगपर्यंत आणायची, मध्ये एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार किंवा गळती झाली की वीज तोडणारे स्विच). बिल तुमचं तुम्हाला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, हे पत्रात लिहा.

दुसरी: ‘सोसायटीने चार्जर बसवून पैसे घेतले तर वीज विकल्याचा गुन्हा होईल.’ होत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही आणि तिला परवाना लागत नाही, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे.

तिसरी शंका खरी आहे: भार. जुन्या इमारतीची मुख्य केबल आणि ट्रान्सफॉर्मर चाळीस फ्लॅटच्या दिवे-पंख्यांच्या हिशेबाने टाकलेले असतात. एकाची गाडी लागली तर काही होत नाही, पंधरा जणांनी रात्री अकराला एकदम लावल्या तर होतं. परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून भाराचा अहवाल घ्या आणि तो जोडूनच अर्ज द्या. मिळालेला नकार तोंडी ठेवू नका, लेखी मागा. पुष्कळदा लेखी द्यायची वेळ आली की नकार विरघळतो. नाही विरघळला तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाता येतं.

सोसायटीने सामायिक सोय करायची ठरवली तर सूर्यघर योजनेत सामायिक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्यात चार्जिंगही बसतं. नवीन फ्लॅट घेत असाल तर बिल्डरला नेमकं विचारा: ‘चार्जिंगसाठी केबल माझ्या पार्किंगपर्यंत टाकलेली आहे, की फक्त कोपऱ्यात एक पॉइंट आहे?’ जाहिरातीत दोन्हीला एकच नाव असतं.

५. साधा १५ अँपिअरचा सॉकेट पुरतो का, की मोठा चार्जर हवाच?

रोज चाळीस-पन्नास किलोमीटरवाल्याला पुरतो. त्यातून तासाला दोन-तीन युनिट जातात. रात्रभरात वीस युनिट म्हणजे सव्वाशे किलोमीटर. मोठी बॅटरी शून्यापासून शंभरपर्यंत भरायची तर पंधरा-वीस तास लागतील, पण तशी वेळ क्वचित येते. ७.२ किलोवॉटचा चार्जर सहा-सात तासांत काम करतो, त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो आणि बहुतेकदा थ्री फेज घ्यावं लागतं.

अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत ते नावापुरतं असतं आणि मग गाडी चार्ज घ्यायलाच नकार देते. लोक गाडीला दोष देतात. देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी आणि दिवसा, त्याने रात्रीच्या चार्जिंगला काही होत नाही.

६. पेठेत वाड्यात राहतो. गाडी रस्त्यावर, पी-वन पी-टू बघून लावतो. जमेल का?

माझं मत स्पष्ट आहे: नका घेऊ. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला गाडी हलवणाऱ्याला चार्जिंगची कायमची जागा मिळत नाही, आणि फुटपाथवरून केबल सोडणं धोक्याचं आहे. फक्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर जगायचं तर युनिटला जीएसटीसह वीस-पंचवीस रुपये जातात. म्हणजे किलोमीटरला चार रुपये. सीएनजी जवळपास तेवढ्यातच पडतो (प्र. १२) आणि पाच-दहा मिनिटांत भरून होतो. ऑफिसात हक्काचा चार्जर असेल तरच पुन्हा विचार करा, आणि ती नोकरी टिकणार आहे का, याचाही.

७. नेक्सॉन एका चार्जमध्ये ४८९ किलोमीटर जाते, असं कंपनी म्हणते. खरे किती?

तो आकडा खोटा नसतो, पण रस्त्यावरचा नसतो. आपल्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत ठरावीक वेगाच्या चक्रावर गाडी रोलरवर चालवून तो काढतात. टाटा नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या बॅटरीचा दाखल्यावरचा आकडा ४८९ आहे. कंपनी स्वतःच प्रत्यक्षात ३५० ते ३७० म्हणते. शहरात एसी लावून तीनशेच्या पुढे मिळतात. द्रुतगती मार्गावर शंभराच्या पुढे सतत दामटली तर तीनशेच्याही खाली येते.

पेट्रोल गाडीचं उलटं असतं. तिला हायवे मानवतो, चांदणी चौकातली कोंडी मानवत नाही. इलेक्ट्रिकला कोंडीत फक्त एसीचा खर्च. त्यामुळे तुमचे किलोमीटर शहरातले आहेत की बाहेरचे, हे प्र. १ च्या हिशेबात धरा.

८. घाटात बॅटरी झपाझप उतरते म्हणे. महाबळेश्वरला जाता येईल का?

उतरते, पण किती ते मोजता येतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. माणसं-सामान धरून १,८०० किलोची गाडी आठशे मीटर उचलायला साधारण ४ युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून साडेचार. हे अंतराच्या खर्चाच्या वर. सव्वाशे किलोमीटरला १७-१८ युनिट, अधिक साडेचार, म्हणजे ४५ युनिटांची बॅटरी वर पोचेपर्यंत निम्मी होते. येताना पसरणीचा घाट उतरताना ब्रेकऐवजी रिजन (वेग कमी करताना मोटरनेच बॅटरी भरणं) वापरलं तर चढाला गेलेल्यातला अर्ध्याहून जास्त भाग परत येतो.

म्हणजे मोठी बॅटरी असेल तर जाऊन-येऊन जमतं, पण वर पॉइंट बघत फिरायचं असेल तर रात्री हॉटेलात चार्जिंग आहे का, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. २५-३० युनिटांच्या गाडीला वाटेत एकदा थांबावं लागेल. एक बारकावा: बॅटरी शंभर टक्के भरून घाटमाथ्यावरून निघालात तर रिजनला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वरून निघताना नव्वदच्या आत ठेवा.

९. इलेक्ट्रिकला द्रुतगती मार्गावर टोल नाही ना?

राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोलमाफी आहे. अंमलबजावणी मात्र अडखळत झाली. टोल कापला गेल्याच्या तक्रारी विधानसभेपर्यंत गेल्या. फास्टॅग गाडीच्या नोंदणीशी नीट जुळलेला आहे का, ते तपासा आणि कापलेल्या रकमेचे संदेश जपून ठेवा. साताऱ्याच्या बाजूला खेड शिवापूर, आनेवाडीला माफी नाही असं धरूनच बजेट करा.

१०. गणपतीत कोकणात जायचं तर?

गाडीपेक्षा गर्दीचा प्रश्न आहे. एरवी पुणे-कोल्हापूर किंवा पुणे-रत्नागिरीला वाटेत एक थांबा पुरतो. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवशी त्याच चार्जरवर तुमच्यापुढे तीन गाड्या असतील आणि प्रत्येकीला पाऊण तास. एकच गन (गाडीला लावायचा चार्जिंगचा प्लग) असलेल्या स्टेशनवर भरवसा ठेवू नका. ॲपवर शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. नुसतं ‘उपलब्ध’ लिहिलेलं पुरेसं नसतं. ऐंशी टक्क्यांनंतर वेग पडतो, तिथे अडून न बसता पुढे निघा. गावच्या घरी १५ अँपिअरचा सॉकेट आणि बरं अर्थिंग असेल तर परतीची चिंता मिटते. गावी मुक्काम असतोच, रात्री लावून ठेवा.

११. पाण्यात अडकली तर शॉक बसतो का?

बॅटरीचा डबा सीलबंद असतो. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरायची चाचणी. गळती जाणवली की गाडी उच्च दाबाचा प्रवाह स्वतः तोडते. साचलेल्या पाण्यातून सावकाश जायला ती पेट्रोल गाडीइतकीच, किंबहुना थोडी जास्त बरी, कारण हवा ओढणारं इंजिनच नाही.

तासन् तास बुडून राहणं वेगळं. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला आलेला पूर किंवा २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत शिरलेलं पाणी आठवा. अशी बुडालेली गाडी सुरू करू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका, टो करून नेऊ द्या. नदीकाठी किंवा बेसमेंट पार्किंग असेल तर बॅटरीचं आणि पाण्याच्या नुकसानीचं ॲड-ऑन घ्या. तिथे काटकसर नको. चार्जरही जमिनीपासून उंच बसवा.

१२. सीएनजी किंवा हायब्रिड जास्त शहाणपणाचं नाही का?

पुष्कळांना आहे. सीएनजी किलोला ९०-९५ रुपये आणि शहरात वीसेक किलोमीटर धरले तर किलोमीटरला साडेचार-पावणेपाच. घरी चार्ज होणारी इलेक्ट्रिक त्याहून स्वस्त, बाहेर चार्ज होणारी जेमतेम. सीएनजीत डिकी जाते आणि पंपावरची रांग तुम्हाला ठाऊक आहेच. हायब्रिड महिन्यातून दोनदा नागपूर किंवा बेळगाव करणाऱ्याला सोयीची, पण महाराष्ट्रात तिला इलेक्ट्रिकसारखी करमाफी नाही.

१३. दहा वर्षांची डिझेल गाडी आता पुण्यात बंद होणार ना?

नाही. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल हा दंडक दिल्ली आणि राजधानी क्षेत्रापुरता आहे. पुण्यात पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, शुल्क आणि पर्यावरण कर भरून. हा धाक घालून कुणी तुमची डिझेल स्वस्तात मागत असेल तर देऊ नका.

१४. बॅटरी आठ वर्षांनी बदलावी लागेल, आणि ती निम्म्या गाडीच्या किमतीची असते. मग?

आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही सर्वसाधारण वॉरंटी आहे. त्या दिवशी बॅटरी मरते असं नाही, क्षमता हळूहळू घटते. तीनशे जाणारी गाडी अडीचशे जाऊ लागली तरी हिंजवडीला जातेच. काही मॉडेलना टाटा आणि महिंद्रा आता आजीवन वॉरंटी देतात, पण ती पहिल्या खासगी मालकाला. गाडी विकली की अटी बदलतात. म्हणून जुनी इलेक्ट्रिक घेताना वॉरंटी माझ्या नावावर किती उरते, हे कंपनीकडून लेखी घ्या आणि बॅटरीच्या क्षमतेचा सर्व्हिस सेंटरचा अहवाल मागा. किलोमीटरपेक्षा तो महत्त्वाचा.

जुन्या इलेक्ट्रिकचा भाव पेट्रोलपेक्षा लवकर पडतो, हे खरं आहे. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला तो झटका लागतो, दहा वर्षं वापरणाऱ्याला फारसा नाही.

१५. बॅटरी भाड्याने घेण्याची योजना बरी का?

एमजी कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आणली तेव्हा बॅटरीविना ९.९९ लाख आणि किलोमीटरला साडेतीन रुपये असा भाव होता. त्यावर तुमच्या विजेचे तीन रुपये. झाले साडेसहा, पेट्रोलशी दीडच रुपयाचा फरक. शिवाय महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावे लागतील, ती अट करारात शोधा. हाताशी पैसे कमी असतील तर ठीक, बचतीसाठी नाही.

१६. वीज कोळशाचीच, मग पर्यावरणाचा फायदा काय?

आपल्या जाळ्यातल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. सहा किलोमीटरला ०.७, म्हणजे किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅम. पेट्रोल गाडी एका लिटरमागे २.३ किलो सोडते, गर्दीतल्या मायलेजने १८० ग्रॅम. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तितका नाही. बॅटरी बनवतानाचं प्रदूषण भरून काढायला गाडी भरपूर चालली पाहिजे. उभ्या राहणाऱ्या इलेक्ट्रिकचा निसर्गाला काही उपयोग नाही. सिग्नलला मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर धूर जात नाही, हा फायदा मात्र पहिल्या दिवसापासून.

१७. माझ्या जुन्या गाडीतच इलेक्ट्रिक किट बसवलं तर?

मान्यताप्राप्त किट आणि आरसी पुस्तकावर आरटीओची नोंद, दोन्ही लागतं. नाहीतर विमा गेला. खर्च लाखांत, रेंज मर्यादित. आजोबांची जपलेली गाडी असेल तर हौस म्हणून करा.

१८. आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेला तीन-चार महिने जातो. गाडी तशीच उभी राहिली तर खराब होईल का?

मोठ्या बॅटरीला त्रास होत नाही, पन्नास-साठ टक्के ठेवून जा आणि चार्जरची गन काढून ठेवा. पूर्ण भरून किंवा रिकामी करून जाऊ नका. दगा देते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी. ती इलेक्ट्रिकमध्येही असते आणि ती झोपली की दारसुद्धा उघडत नाही. पंधरा दिवसांतून एकदा शेजाऱ्यांना गाडी अर्धा तास ‘ऑन’ करून ठेवायला सांगा, नाहीतर मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर तिची निगेटिव्ह वायर काढून जा. किल्ली शेजारी देताना हेही सांगा, की गाडीचा आवाज आला नाही म्हणून ती बंद आहे असं समजू नका, पडद्यावर ‘रेडी’ दिसतंय का ते बघा.